दिशादर्शक पाट्या आखताना: मिलान-न्यूयॉर्कची पद्धत आणि आपली देवनागरी

चार मजली रुग्णालय बांधून होतं, रंग वाळतो, उद्घाटनाला आठ दिवस उरतात आणि मग कुणाला तरी पाट्या आठवतात. नावांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवरून फ्लेक्सवाल्याकडे जाते. दोन दिवसांत पाट्या भिंतीवर चढतात, दिसायलाही बऱ्या असतात. सोमवारी ओपीडी सुरू होते आणि वॉचमन दिवसभर ‘सरळ जा, मग डावीकडे’ म्हणत बसतो.

पाटी हा या कामाचा शेवटचा टप्पा. त्याच्या आधी काय काय करायचं, हे १९५० च्या दशकाच्या शेवटापासून १९७० च्या दशकापर्यंत युरोप-अमेरिकेतल्या मोजक्या आधुनिकतावादी डिझायनरांनी बसवून दिलं. ब्रिटनच्या रस्त्यांवर जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट, मिलानच्या मेट्रोत बॉब नूर्डा, ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर ‘टोटल डिझाइन’ या डिझाइन संस्थेचे बेन्नो विसिंग, न्यूयॉर्कच्या सबवेत नूर्डा आणि मासिमो विग्नेली. त्यांची अक्षरं आणि रंग जगभर उचलले गेले. मोजमापाची पद्धत मात्र फारशी कुणी उचलली नाही, आणि इथे तीच कामाची आहे. खाली उदाहरण म्हणून रुग्णालय घेतलंय. कॉलेज, न्यायालय किंवा मोठ्या सोसायटीलाही हीच रीत लागू पडते.

आधी चाला

प्रत्येक मजल्याचा आराखडा ए-थ्री कागदावर छापून घ्या आणि पेन घेऊन इमारतीत फिरा. चार प्रवास पूर्ण चालायचे: नवा रुग्ण (गेट, केसपेपर खिडकी, ओपीडी, रक्त तपासणी, औषधं), वॉर्डात भेटायला आलेला नातेवाईक, अपघाताचा रुग्ण घेऊन धावत आलेली माणसं, आणि परत बाहेर पडणारे. चौथा प्रवास हमखास विसरला जातो. आत जायच्या पाट्या भरपूर आणि ‘बाहेर’ म्हणणारी एकही नाही, अशा इमारती पुष्कळ आहेत.

चालताना जिथे पाऊल अडखळतं, म्हणजे दोन किंवा जास्त वाटा फुटतात, तिथे आराखड्यावर गोल करून क्रमांक टाका. हे निर्णयबिंदू. नूर्डांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्थानकांत उतारूंची ये-जा पाहून असाच अभ्यास केला होता. त्यातून निघालेला नियम १९७० च्या सबवेच्या नियमावलीत आहे: माहिती निर्णयाच्या जागीच द्यायची, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. प्रवेशद्वाराशीच अठ्ठावीस विभागांची यादी लावली की हा नियम मोडतो. माणूस तिथे अठ्ठावीस नावं वाचतो आणि पहिल्या वळणावर विसरतो. प्रवेशद्वाराशी त्याला कोणती इमारत, कोणता मजला आणि कोणती लिफ्ट एवढंच कळलं तरी पुरे.

या नियमाला एक अपवाद आहे. मिलान मेट्रोची पहिली मार्गिका १ नोव्हेंबर १९६४ ला सुरू झाली, तेव्हा नूर्डांनी स्थानकाचं नाव फलाटभर एका सलग पट्ट्यावर दर ५ मीटरला पुन्हा पुन्हा लिहिलं. कारण गाडीतला माणूस कोणत्या खिडकीतून बघेल हे सांगता येत नाही. पायी चालणाऱ्याला इतकी पुनरुक्ती नको. तरीही इमारतीत २०-२५ मीटर सरळ, वळण नसलेली मार्गिका (कॉरिडॉर) असेल तर मध्ये एक खात्रीची पाटी द्या, नाहीतर लोक अर्ध्या वाटेतून मागे फिरतात.

मग नावं

डिझायनरला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. डॉक्टर चिठ्ठीवर ‘यूएसजी’ लिहितात, काउंटरवरची बाई ‘सोनोग्राफी’ म्हणते आणि पाटीवर असतं ‘क्ष-किरण व प्रतिमाशास्त्र विभाग’. तीनही शब्द बरोबर आहेत, पण रुग्णाच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या जागा आहेत.

दोन स्तंभांचा तक्ता करा. एका बाजूला कार्यालयीन नाव, दुसऱ्या बाजूला लोक तोंडाने म्हणतात ते. वाट दाखवणाऱ्या पाटीवर नेहमी दुसऱ्या स्तंभातलं नाव जाईल: ‘ओपीडी’, ‘केसपेपर’, ‘एक्स-रे’, ‘रक्त तपासणी’, ‘औषधं’. ‘बाह्यरुग्ण विभाग’ त्या विभागाच्या दारावर मोठ्या दिमाखात लिहावं, तिथे त्याची जागा आहे. ठरलेलं नाव मग चिठ्ठी, पावती, मोबाइलवरचा संदेश आणि पाटी, सगळीकडे अक्षरशः एकच हवं. याला प्रशासनाची सही घेऊन ठेवा. नंतर एखाद्या विभागप्रमुखांना आपलं पूर्ण नाव पाटीवर हवं असतं, तेव्हा ती सही उपयोगी पडते.

खोल्यांचे क्रमांक मजल्यापासून सुरू करा: दुसऱ्या मजल्यावरची चौदावी खोली २१४. तळमजल्याला ०१४. लिफ्टमधल्या बटणावर जे लिहिलंय तेच पाटीवर हवं. बटणावर १ आणि पाटीवर ‘तळमजला’ असेल तर पूर्ण इमारत एका मजल्याने सरकते.

आता निर्णयबिंदू आणि नावं एकत्र आणून पाट्यांची यादी तयार करा. स्प्रेडशीटमध्ये दर पाटीला एक ओळ: क्रमांक, आराखड्यावरची जागा, प्रकार (दिशा, ओळख, मजल्याची यादी की सूचना), मराठी मजकूर, इंग्रजी मजकूर, बाण, चिन्ह, बसवण्याची उंची, एकतर्फी की दुतर्फी. एका जागी पाचपेक्षा जास्त नावं आली तर ती जागा पुन्हा तपासा. बहुधा पुढच्या वळणावर सांगायची गोष्ट इथे आलेली असते. ही यादी पक्की झाल्याशिवाय रंग-अक्षरांना हात लावू नका.

अक्षर

ब्रिटनमध्ये १९५७ साली मोटरवेच्या पाट्यांसाठी अँडरसन समिती नेमली गेली आणि किनिअरला काम मिळालं. तोवर रस्त्यावरच्या पाट्या सगळ्या कॅपिटलमध्ये असत. त्याने आणि कॅल्व्हर्टने पहिलं अक्षर मोठं आणि पुढची लहान घेतली, कारण लहान अक्षरांत शब्दाचा आकार लांबूनही ओळखू येतो. डेव्हिड किंडर्सली या अक्षरकाराने या निवडीला कडाडून विरोध केला आणि स्वतःची कॅपिटल अक्षरं पुढे केली. चाचणीत किंडर्सलीची अक्षरं वाचनीयतेत किंचित पुढे निघाली. तरीही निवड झाली ती किनिअर-कॅल्व्हर्टच्या अक्षरांची. १ जानेवारी १९६५ पासून ती देशभर लागू झाली. (याच जोडीने रुग्णालयांसाठी म्हणून आखलेली दुसरी वर्णमाला ब्रिटिश रेल्वेने उचलली, आणि ती ‘रेल अल्फाबेट’ म्हणूनच ओळखली जाते.)

त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी देवनागरीत थेट वापरता येतात.

पहिली गोष्ट जाडीची. त्यांच्या ‘ट्रान्सपोर्ट’ अक्षरांच्या दोन जाड्या होत्या. पांढऱ्यावर काळी अक्षरं असतील तर जाड, गडद रंगावर पांढरी असतील तर जरा बारीक. गडद पार्श्वभूमीवरचं पांढरं अक्षर डोळ्याला फुगलेलं दिसतं, त्यावर उजेड पडला की आणखीच. देवनागरीत याचा त्रास जास्त, कारण ‘क्ष’, ‘स्थ’, ‘द्ध’ यांच्या पोटातल्या पोकळ्या आधीच लहान असतात. निळ्या पाटीवर पांढरं ‘बोल्ड’ लावलं की दुरून त्यांचे नुसते ठिपके दिसतात. गडद पाटीवर ‘मीडियम’ आणि पांढऱ्या पाटीवर ‘सेमीबोल्ड’, हे सूत्र धरून चाला.

दुसरी गोष्ट मोजमापाची. किनिअरने पाटीवरची प्रत्येक मोकळी जागा अक्षराच्या उभ्या रेघेच्या जाडीच्या पटीत ठरवली. पाटी मोठी झाली की सगळं त्याच प्रमाणात वाढतं आणि पेंटरच्या अंदाजावर काही राहत नाही. देवनागरीत हे माप काना देतो. कान्याची जाडी म्हणजे एक एकक. बाणापासून मजकुरापर्यंत ६ एकक, डाव्या-उजव्या कडेला ५ एकक, असं ठरवून टाका.

फॉन्ट निवडताना नुसती वर्णमाला बघू नका. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, ष-प आणि ख-रव या जोड्या खऱ्या आकारात छापा आणि ठरलेल्या अंतरावरून बघा. मग मोबाइलच्या कॅमेऱ्याचा फोकस मुद्दाम बिघडवून तेच पुन्हा बघा. ‘भांडार’चं ‘मांडार’ होत असेल तर तो फॉन्ट बाद. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ या कामाला चांगला आहे, त्यात देवनागरी आणि रोमन एकमेकांना धरून आखलेले आहेत. र. कृ. जोशींनी विंडोजसाठी केलेला ‘मंगल’ पडद्यासाठीचा आहे, त्याला भिंतीवर चढवू नका. बारीक-जाड रेघांचे लग्नपत्रिकेचे फॉन्ट तर नकोच.

उंची कशी ठरवायची? रोमन कॅपिटलसाठी प्रचलित ठोकताळा असा: दर ७.५ मीटर अंतराला २५ मिमी. देवनागरीत हीच उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा, वेलांट्या आणि उकार बाहेर ठेवून. बहुतेक जण इथेच फसतात. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही लिप्यांना सारखा पॉइंट आकार दिला, किंवा मात्रांसकट पूर्ण उंची इंग्रजीशी जुळवली, की मूळ अक्षर आक्रसतं. महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांच्या नामफलकावर मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नसावीत असा कायदाच आहे. आतल्या पाट्यांवरही तोच शिरस्ता ठेवा, पण फूटपट्टीने, पॉइंटने नव्हे.

प्रत्यक्ष हिशेब असा. मार्गिकेत पाटी १२ मीटरवरून वाचता यायला हवी, म्हणजे देवनागरी ४० मिमी. शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वाराला साधारण २० मिमी आणि खाली उकार-रकाराला तेवढेच, म्हणून ओळीला ८० मिमी. खाली इंग्रजी ओळ, कॅपिटलची उंची ३२ मिमी, खाली लोंबणाऱ्या अक्षरांसह ४५ मिमी. बेरीज १२५. वर-खाली साडेबारा-साडेबारा मिमी सोडले की एका नावाची पट्टी १५० मिमी उंच.

हा आकडा मुद्दाम तिथे आणलाय. एसीपीची (पाट्यांसाठी वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची) शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी येते. रुंदीत १५० च्या आठ पट्ट्या बसतात आणि २० मिमी करवतीच्या पात्यात जायला उरतात. लांबीत १२०० च्या दोन. एका शीटमधून सोळा पट्ट्या, फुकट जवळपास काही जात नाही. शिवाय प्रत्येक नाव स्वतंत्र पट्टीवर असल्यामुळे ‘सोनोग्राफी’ दुसऱ्या मजल्यावर हलली तर एकच पट्टी बदलायची, पूर्ण पाटी नाही. न्यूयॉर्कची पद्धतही अशीच ठरलेल्या मापांच्या सुट्या फलकांची होती, ते जोडून हवी तेवढी पाटी करायची.

छपाईआधी दोन सापळे. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली नाही तर बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आणि इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरं तुटतात, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. मुद्रकाला मजकूर टाइप करून देऊ नका. बाह्यरेषांत बदललेली पीडीएफ द्या आणि त्यातला प्रत्येक शब्द छापून मोठ्याने वाचा.

रंग

१९६७ च्या स्किपोलमध्ये विसिंगने पाट्यांचे दोनच रंग ठेवले. विमानाकडे नेणाऱ्या पिवळ्या, बाकी सोयींच्या हिरव्या. प्रवाशाने फक्त पिवळ्याचा माग काढायचा. यातून घ्यायचं ते रंगांची वाटणी, नेमक्या छटा नव्हे. हिरवा आता जवळजवळ सगळीकडे बाहेर पडण्याच्या धावत्या माणसाचा झालाय आणि लाल आगीच्या साधनांचा. ते दोन रंग बाजूला काढून ठेवा. रुग्णालयात अपघात विभागाला एक रंग आणि बाकी सगळ्याला एक, एवढं पुरतं. ‘निळ्या रेघेने जा, जांभळ्या रेघेने जा’ हा प्रकार तीन रेघांपर्यंत चालतो. सहा रेघा झाल्या की फरशीच्या डागांत आणि ट्यूबच्या उजेडात निळा-जांभळा एक होतात, आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारेही बरेच असतात. रंगासोबत अक्षर किंवा आकडा नेहमी हवा.

बाण आणि चिन्हं

बाण एकाच आकाराचा, आठ दिशांना फिरवायचा. सरळ जाण्यासाठी वरचा बाण. खालचा बाण फक्त जिना खाली जातो तिथे. ‘इथेच’ या अर्थाने खालचा बाण वापरला तर लोक तळघर शोधतात. एका खांबावर पट्ट्यांचा क्रम: आधी सरळ, मग डावीकडची, मग उजवीकडची. डावा बाण पट्टीच्या डाव्या टोकाला, उजवा उजव्या टोकाला. सगळे बाण एका रांगेत डावीकडे ठेवले तर पाटी नीटनेटकी दिसते, पण चालता चालता डोळा चुकतो.

चिन्हं स्वतः काढत बसू नका. अमेरिकेच्या वाहतूक खात्यासाठी ‘एआयजीए’ या डिझायनरांच्या संस्थेने रॉजर कुक आणि डॉन शॅनॉस्की यांच्याकडून १९७४ मध्ये ३४ चिन्हं करून घेतली, १९७९ मध्ये ती ५० झाली, आणि ती सगळ्यांना मोफत वापरता येतात. शौचालय, लिफ्ट, जिना, पाणी, प्रथमोपचार यांचं त्यावर भागतं. ‘त्वचारोग’ किंवा ‘अंतःस्रावी ग्रंथी’ यांना मात्र चिन्ह नको. नाक-कानाची चित्रं ओळखू येतात, मूत्रपिंडाचं चित्र बहुतेकांना काजूसारखं वाटतं.

आधी कागद, मग एसीपी

सगळ्या पाट्या साध्या कागदावर खऱ्या मापात छापा, मास्किंग टेपने खऱ्या जागी लावा आणि इमारत न पाहिलेल्या सहा-सात जणांना एकेक चिठ्ठी देऊन सोडा. त्यात एक आजीबाई आणि फक्त मराठी वाचणारा एक जण हवाच. मदत करायची नाही, मागून चालायचं आणि कुठे थांबले, कुठे मागे वळले, कुणाला विचारलं ते आराखड्यावर लिहायचं. दोघे एकाच जागी अडले तर तिथली पाटी चुकली आहे. एसीपी कापल्यानंतर हे कळलं तर दुरुस्ती कुणी करत नाही.

बसवताना: टांगत्या पाटीची खालची कड जमिनीपासून किमान २.१ मीटर, भिंतीवरच्या पाटीचा मध्य सुमारे दीड मीटर, दाराची पाटी दारावर नको, कडीच्या बाजूच्या भिंतीवर. दार उघडं राहिलं की त्यावरची पाटी भिंतीकडे तोंड करून बसते. लॅमिनेशन मॅटच घ्या, चकचकीतवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं मधल्या ओळीवर येतं. सनबोर्ड कोकणपट्टीच्या दमट हवेत वाकतो, तो तात्पुरत्या कामापुरता.

नियमावली

शेवटी सगळी मापं, रंगांचे क्रमांक, बाण, फॉन्टच्या फायली आणि पाट्यांची यादी एका फायलीत लावून पाटी करणाऱ्याला आणि कार्यालयाला द्या. प्रत्येक चित्राखाली ते काय आहे आणि कशाचं आहे हे शब्दांत लिहा. न्यूयॉर्कच्या पाट्यांच्या वरच्या कडेला ओळख बनून गेलेली जी रेघ दिसते, ती मूळ आराखड्यात रेघ नव्हतीच. पाटी अडकवायची काळी धातूची पट्टी तिथे दाखवली होती. कारखान्याने ती रंगवायची रेघ समजून पाटीवर काढली आणि ती कायमची राहिली. फॉन्टही विग्नेलींना हवा तो ‘हेल्व्हेटिका’ लागला नाही. कारखान्यात जो होता तो ‘स्टँडर्ड’ नावाचा फॉन्ट लागला आणि हेल्व्हेटिका अधिकृत व्हायला १९८९ उजाडलं. आपल्याकडे गल्लीतल्या प्लॉटरवाल्याकडे ‘मुक्ता’ नसेल तर तो जवळचा म्हणून दुसरंच काहीतरी लावेल, न विचारता.

ही पद्धत आपल्याकडे आणणाऱ्यांत एक मराठी नावही आहे. जे. जे. मधून जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइनशाळेत गेलेले सुधाकर नाडकर्णी पुढे आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये सुरू झालेल्या डिझाइन केंद्राच्या उभारणीत होते.

सहा महिन्यांनी इमारतीत पुन्हा एक फेरी मारा आणि सेलोटेपने चिकटवलेले हाताने लिहिलेले कागद मोजा. ‘एक्स-रे इकडे नाही’, ‘केसपेपर समोरच्या खिडकीत’. ते फाडायच्या आधी त्यांचा फोटो घ्या आणि आराखड्यावर जागा टाका. पट्ट्यांची पुढची ऑर्डर त्यातूनच निघते.